तगर नव्हे, अनंत

आमच्या चारकोपच्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून एक झुडूप होतं. कमरेएवढं, एका बाजूला कललेलं, पानं पिवळट. कुणा जुन्या भाडेकरूने लावलेलं. ते लोक कधीच सोडून गेलेले. आम्ही इथे आल्यापासूनच्या नऊ वर्षांत मी त्याला एकही फूल आलेलं पाहिलं नव्हतं. सगळे त्याला तगर म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून ते दिसायचं. चहा उकळेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहायचे, एवढीच आमची ओळख.

गेल्या जुलैत सोसायटीने पाण्याची नवी लाइन टाकायचं ठरवलं. चर नेमका त्या झुडपाखालून जाणार होता. सेक्रेटरी म्हणाले, तगर काय, कुठेही मिळते, काढून टाकू. मीटिंगमध्ये कुणाचीच हरकत नव्हती. मी मात्र म्हणून बसले, की मी ते दुसरीकडे लावते, पंधरा दिवस द्या. त्यांनी आठ दिले.

घरी येऊन सांगितलं तर नवरा हसला. कुंडीत मनीप्लांट जगवता न आलेली बाई मी. पण त्याने लगेच खाली जाऊन मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि झाडं ओळखणाऱ्या कुठल्याशा ॲपला विचारलं. ॲपने सांगितलं, कॉफी. पुढचे दोन दिवस तो जाता-येता ‘आपली कॉफी कशी आहे’ म्हणून विचारत होता.

तिसऱ्या दिवशी मी झुडपापाशी उभी होते, कुठून खणायचं याचा विचार करत. तळमजल्यावरच्या मावशी खिडकीतून बघत होत्या. महापालिकेच्या इस्पितळात तीस-पस्तीस वर्षं नर्स होत्या, मूळच्या वाशीमच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच राहायच्या. आमचं बोलणं जिन्यातल्या ‘काय, बरं ना’च्या पुढे कधी गेलं नव्हतं. त्या काठी टेकत बाहेर आल्या, एक पान तोडलं आणि देठ माझ्यासमोर धरला.

“बघ. चीक आला का?”

नव्हता आला.

“तगरीचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. ही तगर नाही. हा अनंत आहे.”

मग त्यांनी पान उन्हाकडे धरून दाखवलं. पान पिवळं, पण शिरा हिरव्या. त्यांच्या बहिणीच्या अंगणात अनंत होता. भिंतीला चुना लावला आणि तो मातीत उतरला, की त्याची पानं अशीच व्हायची. अनंताला चुना, सिमेंट काही सोसत नाही, म्हणाल्या. मी विचारलं, इतकी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, मला कुणी विचारलं होतं?

त्यांनीच जागा निवडली. पुढच्या बाजूला, सकाळचं ऊन येतं आणि दुपारी सावली असते तिथे. मला ते माझ्या बाल्कनीत, मोठ्या कुंडीत हवं होतं. मावशींनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग नाही म्हणून सांगितलं.

रविवारी आभाळ भरून आलेलं होतं. मावशी म्हणाल्या, आजच काढा. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. आधी माझ्याकडून निम्म्याहून जास्त पानं छाटून घेतली. मुळं तुटणार, मग एवढ्या पानांना पाणी कोण पुरवणार, म्हणाल्या. नवरा पहार घेऊन बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल खणू लागला. अर्धा फूटही गेला नसेल, तर पहार खणखणली. सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, आणि त्यांत पिस्ता रंगाच्या टाइल्स.

त्या टाइल्स मी ओळखल्या. घर घेतल्यावर आधी स्वयंपाकघर तोडून नवं केलं होतं. जुन्या ओट्यामागे ह्याच होत्या. डेब्रिज कुठे टाकलं, हे तेव्हा मी कामगारांना विचारलंही नव्हतं. नऊ वर्षं मी खिडकीतून ज्याच्याकडे बघत होते, त्याच्या मुळांवर माझंच स्वयंपाकघर पडलं होतं.

मी मावशींना सांगितलं, हे आमचं आहे.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “टाकताना पाहिलं होतं. तेव्हा आपली ओळख कुठं होती? आता काढ ते सगळं, नीट.”

मी हातानेच काढलं. मुळांत अडकलेला एकेक तुकडा. मावशी मध्येच, हळू, असं म्हणत होत्या, ते झाडासाठी की माझ्यासाठी, कळलं नाही. मग मुळांभोवती गोणपाट गुंडाळून आम्ही दोघांनी ते लहान बाळासारखं उचलून पुढे नेलं. खड्ड्यात लाल माती, शेणखत, कुजलेला पालापाचोळा घातला. वर माझ्या जुन्या ओढणीची सावली केली.

आठवड्याभरात उरलेली पानंही गळली. नुसत्या काटक्या. नवरा आता कॉफीचं नाव घेत नव्हता. मला ऑफिसातून येताना त्या बाजूला बघवत नसे. एका संध्याकाळी मावशींनी बोलावलं आणि नखाने फांदीची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. जिवंत आहे, म्हणाल्या, फक्त दमलंय. त्यानंतर रोज संध्याकाळी मी दहा मिनिटं त्यांच्याकडे थांबू लागले. निमित्त झाडाचं, पण चहा त्यांच्या हातचा. नोकरीतल्या रात्रपाळ्या, मुलीचं लग्न, नवऱ्याचा शेवटचा आजार, सगळं मला त्यांच्या दारातल्या पायरीवर कळलं. गणपतीच्या सुमारास फांद्यांच्या टोकांना चकचकीत हिरवी पानं आली.

पहिली कळी मे महिन्यात उमलली. मावशी तेव्हा मुलीकडे नाशिकला होत्या. मी फोटो पाठवला, तर लगेच फोन आला. फुलाचा नाही, वासाचा प्रश्न: कसा येतोय? मला धड सांगता येईना. शेवटी म्हणाले, जिन्यापर्यंत येतो. त्या म्हणाल्या, मी शनिवारी येते.

शनिवारपर्यंत ते फूल पिवळं पडलं, पण आणखी दोन उमलली. एक मी त्यांना दिलं. त्यांनी ते घरातल्या बुद्धमूर्तीपुढे ठेवलं आणि मला विचारलं, दुसरं झाडावरच ठेवलंस ना? हो म्हटलं. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.