बिननावाची गाडी आणि द्वारकाबाईंचा फोटो

बाजेची नवार अर्धीच ताणून झाली होती. शांतलिंगअप्पा एक पाय बाजेला रोवून दोन्ही हातांनी पट्टी ओढत होते, तेवढ्यात त्यांची बायको चंद्रप्रभा ओसरीवरून म्हणाली, "अहो, राहू द्या ती बाज. बेंबळीच्या द्वारकाबाई आल्यात. आज बसते म्हणतात."

अप्पांनी नवार तशीच सोडली. तुळजापुरात देवळाच्या वाटेवर त्यांचं फोटोचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. अकरा वर्षांत त्यांनी किती नवरा-नवरी, किती जावळाची लेकरं त्या पडद्यापुढं बसवली, ते देवीलाच ठाऊक. पण द्वारकाबाई वर्षभर उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी जात होत्या. फोटोनं आयुष्य घटतं, ही त्यांची पक्की समजूत. मुलगा बलभीम पलटणीत होता, पार बर्फाच्या मुलखात. चीनची लढाई होऊन वर्ष उलटलं तरी त्याला सुट्टी नव्हती. पत्राच्या शेवटी दर वेळी एकच मागणं: आईचा फोटो पाठवा.

"बसते बाबा," स्टुलावर टेकत द्वारकाबाई म्हणाल्या. "पर एकदाच. देवीला तसं बोलून आलेय. पुन्यांदा बस म्हनशीला तर न्हाय बसायची."

"एकदाच, मावशी. हलू नका."

खटका वाजला.

"झालं? मला वाटलं काय तरी खेचून निघंल अंगातनं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "आता फोटो हातात पडल्याबिगर म्या हितनं हलत न्हाय."

रोल भरल्याशिवाय धुवायचा नाही, ही अप्पांची शिस्त. एक जागा कोरी गेली तरी त्यांना ताटात अन्न टाकल्यासारखं वाटायचं. आता एकच जागा उरली होती. कॅमेरा गळ्यात अडकवून ते घाटाकडं निघाले. सोलापूरच्या मोटारी घाट चढून आल्या की इंजिनात पाणी घालायला वळणावर थांबत. तिथं गिऱ्हाईक हमखास भेटायचं.

त्या दिवशी वळण रिकामं होतं. आवाज आला तो खालच्या ओढ्यातून. अप्पांनी वाकून पाहिलं. जिथं बैलगाडीसुद्धा कुणी घालत नाही, त्या धोंड्यांतून एक मोटार सरळ वर चढत होती. जीपसारखी, पण जीप नव्हे. अंगानं बुटकी, रुंद. नंबर नाही, नाव नाही, तोंडाला गोणपाट बांधलेलं. घोरपडीसारखी धोंडा धरून धरून ती रस्त्यावर आली आणि थांबली. हरिबा नावाचा ड्रायव्हर खाली उतरला.

"नवी दिसती," अप्पा म्हणाले. "दर्शनाला आणली?"

"माझ्या मनात लई हाय हो. पर साहेब म्हनतात, गावात न्यायची न्हाय."

तुळजापुरात नवी गाडी यायची ती आधी देवीपुढं. चाकाखाली लिंबू, पुढं कुंकू, गळ्यात हार, आणि मग अप्पांकडून फोटो. लॉरी असो की ट्रॅक्टर. अप्पांना वाटलं, पूजेआधी दृष्ट नको म्हणून नवरीसारखं तोंड झाकलंय. त्यांनी खिशातली कुंकवाची पुडी पुढं केली. "गावात नको तर नको. कळस दिसतोय इथून. इथंच लावा."

हरिबाला तेच हवं होतं. त्यानं गोणपाट सोडलं, कुंकवाची पाच बोटं उठवली आणि हात जोडून बाजूला उभा राहिला. खटका वाजला.

"अहो, अहो! काय करताय?"

ओढ्यातून एक तरुण साहेब धावत आला. हातात मोजपट्टी, विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. गोपाळकृष्ण नाव, मोटारींच्या कारखान्यातला इंजिनिअर. "ही गाडी अजून बाजारात यायचीय. तोवर कुणी बघायची नाही, फोटो तर नाहीच नाही! रोल काढा तो."

"इथं उजेडात काढला तर सगळा जाईल, साहेब."

"जाऊ द्या. नवा घेऊन देतो."

अप्पांनी कॅमेरा छातीशी धरला. "रोल नवा मिळंल. ह्यात एक आई बसलीय, ती पुन्हा बसायची नाही." आणि त्यांनी बलभीमच्या पत्राचं सगळं सांगितलं.

साहेबाचा पुढं आलेला हात हळूहळू खाली गेला. "माझी नोकरी जाईल हो," तो पुटपुटला.

"मग घरी चला. तुमच्यादेखत धुतो. तुमचा तुकडा तुमच्या हातानं कापा."

पुन्हा गोणपाट बांधून गाडी गावाबाहेर थांबली आणि दोघं चालत घरी आले. चंद्रप्रभानं अंधार करायला कोठीच्या दाराला घोंगड्या लावल्या. धुतलेली फिल्म वाळली, तसा गोपाळकृष्णानं शेवटचा तुकडा उजेडाला धरला. गाडीवर पाच बोटं स्पष्ट उठली होती. बराच वेळ पाहून त्यानं तुकडा कापला आणि खिशातल्या पाकिटात ठेवला.

"फेकत नाही, वहिनी," तो चंद्रप्रभाला म्हणाला. "गाडी बाजारात आली की पहिला हाच फोटो लावीन माझ्या खोलीत."

अप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी द्वारकाबाईंचा फोटो कागदावर उठवला होता आणि त्यांचं तोंड उतरलं होतं. पदर नीट होता, कपाळ नीट होतं. डोळे मिटलेले होते. हातही नकळत जोडले गेलेले.

"मावशी," ते कसेबसे म्हणाले, "माझी चूक झाली. डोळे मिटलेत तुमचे."

द्वारकाबाईंनी फोटो दोन्ही हातांत घेतला. भीतभीत पाहिला. मग त्यावरून बोट फिरवलं.

"तुमची कशाची चूक? म्या देवीला म्हनत हुते, माझं घटलं तर घटू दे, लेकराचं वाढव." त्या थांबल्या. "पहाटं बाळ उठायचा तवा मी देवापुढं अशीच बसलेली असायची. गोधडीतनं तोंड काढून बघायचा आन् पुन्हा निजायचा. वळखंल त्यो. लगीच वळखंल."

गोपाळकृष्ण दाराशी उभा होता. त्यानं चष्मा काढून पुसला आणि पलटणीचा पत्ता लिहायला स्वतःचं पेन पुढं केलं. द्वारकाबाईंनी सांगितलेलं एकेक अक्षर चंद्रप्रभानं फोटोच्या पाकिटावर उतरवलं.

टपालाची थैली चार वाजता बांधत. अप्पांनी टोपी घातली, पाकीट सदऱ्याच्या आत ठेवलं आणि ते पोस्टात निघाले.