दोन शब्दांचं नाव

अन्याय झाला तो उत्तनच्या एका मासे विकणाऱ्या मावशीवर. गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी सकाळी, भाईंदर पूर्वेला, मासळी विक्रेत्यांच्या सोसायटीच्या खिडकीत. नव्या बाजारातल्या ओट्यांसाठी नोंदणीचा तो शेवटचा दिवस. नाव चढलं नाही तर ओटा नाही, टोपली घेऊन रस्त्यावर बसायचं.

क्लार्कनं नाव टाइप केलं, सेव्ह दाबलं. जुना स्क्रीन अडकला : रनटाइम एरर.

"सिस्टीम घेत नाहीये, मावशी. मधे नवऱ्याचं नाव टाकू. बाकीच्यांनी टाकलं की!"

"माझं नाव दोनच शब्दांचं हाय. आधारवर पन तसंच. तुझ्या मशीनसाठी परत बारसं करू काय?"

"मग उद्या या."

उद्या? मी तिथे नोंदणीची पत्रकं वाटत होते. पोटासाठी असलेच जुने प्रोग्रॅम दुरुस्त करते. क्लार्कला म्हटलं, सरका.

"मॅडम, ती एक ओळ टाका ना, एरर दिसतच नाही," क्लार्क म्हणाला.

ती ओळ मला ठाऊक आहे. चूक झाली तरी पुढे चल, एवढंच ती सांगते. प्रोग्रॅमची कॉपी काढून त्यात ती टाकून दाखवली. एरर गायब! आणि मावशीच्या नावाला आधी नोंदलेल्या बाईचं आडनाव चिकटलेलं.

"बघ, मला तिच्या घरात नांदायला धाडली," मावशी म्हणाली.

ओळ काढली, पुन्हा सेव्ह केलं, एरर आला तसं कोड कुठे अडला ते दाखवणारं डीबग दाबलं. पिवळ्या पट्ट्यात दोष समोर : नावाचे तुकडे करायचे आणि तिसरा तुकडा आडनाव धरायचा. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. शाळेच्या हजेरीपासून आपण हेच गिरवतो. उत्तनच्या ख्रिस्ती घरांत कितीतरी जणींना मधलं नावच नसतं. तिसरा तुकडा नव्हता, म्हणून कोड थांबला; ती ओळ टाकल्यावर आधीचंच आडनाव धरून पुढे गेला. तो बरोबरच थांबला. चुकत आपण होतो.

आता शेवटचा तुकडा आडनाव, तुकडे कितीही असोत. दोन, तीन, चार शब्दांची नावं कॉपीवर चालवली, मगच खऱ्या प्रोग्रॅममध्ये बदल केला. खिडकी बंद व्हायच्या आत मावशीचं नाव चढलं, आहे तसं.

तुमच्या टेबलावर असा स्क्रीन असेल तर ऐका. एरर आला की समोरच्या माणसाला दुरुस्त करू नका. एरर दडपू नका. तो शब्दन् शब्द लिहून घ्या, दुरुस्त करणाऱ्याला त्याच क्षणी फोन लावा, आणि नाव चढेपर्यंत खिडकी उघडी ठेवा.