कोंबड्यांची तहान

आणे गावच्या पठारावरच्या या शेडवर मी कामाला आले तेव्हा मला कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. मालकीणबाईंना मी मावशी म्हणते. त्यांनी विचारलं, "शिक्षण?" म्हटलं, अर्धी सहावी. आमचं गाव लांब, दोन एसट्या बदलाव्या लागतात. तिथं टँकर नेमका शाळेच्या वेळेला यायचा, आणि घागरी घेऊन उभं कोण राहणार, तर मी. मावशी हसल्या. "कोंबड्या मार्कशीट बघत न्हाईत. राहा."

त्या एका 'राहा'वर मी इथं आहे. म्हणून चूक होईल ही धास्ती सकाळी डोळे उघडल्यापासून असते.

मावशींच्या गावरान कोंबड्यांची अंडी मशीनमध्ये उबवायची आणि पिल्लं विकायची, एवढाच धंदा. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं मरू लागली. बल्बची ऊब होती, खाली अंथरलेलं तूस कोरडं होतं, तरी पाय पसरून पडायची. मग एक कोंबडीही गेली. गुरांच्या डॉक्टरांनी ती फाडून बघितली, तर आतड्यात शिजवलेल्या शेवयांसारखे जंत. "आईतच दम नाही, पिल्लांत कुठून येणार?" म्हणाले. जंताचं औषध पाण्यातून द्यायचं ठरलं. त्याआधी तीन तास पाणी तोडायचं, म्हणजे तहानेनं सगळ्या पितात.

नेमका त्या दिवशी मावशींना ओझरला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. जाताना दारातून ओरडल्या, "मधी पाणी दाखवू नको गं बाई, न्हाईतर समदं फुकट!"

तासाभरात कोंबड्या चोची उघडून धापा टाकायला लागल्या. एक तांबडी पाण्याच्या कोरड्या ड्रिंकरवर चोच मारत राहिली. टक, टक. घरी रिकाम्या घागरीत तांब्या घातला की असाच आवाज यायचा. मी दोन बादल्या ओतल्या. साधं पाणी.

नंतर औषधाच्या पाण्याकडे कुणी फिरकलं नाही. चार वाजता ते मी लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं.

मावशी आल्या. "प्याल्या का?"

"प्याल्या."

प्याल्या होत्याच की.

त्यानंतर घातलेल्या अंड्यांची पिल्लं मशीनमधून निघाली, तीही तशीच. हातात घेतली की मान टाकायची. रोज सकाळी घमेल्यात गोळा करून, वर चुना टाकून मी पुरायचे. एका सकाळी मावशी चपला चढवत दुकानदाराला शिव्या घालू लागल्या. "मेल्यानं औषध म्हणून पाणी इकलं मला! चल आळेफाट्याला, बघतेच त्याला."

मी त्यांच्या वाटेत आडवी आले. सगळं सांगून टाकलं, आणि कुणी म्हणायच्या आत कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

मावशी उंबऱ्यावर बसल्या. चपला काढून ठेवल्या.

"तहान बघवली न्हाई व्हय?"

मी मान हलवली.

"अन् ही बघवत्यात?" त्यांनी घमेल्याकडे बोट केलं.

मी पिशवी उचलली.

"पिशवी ठेव. उद्या परत औषध. पाणी तूच तोडायचं. मी शेजारी बसते. उठलीस तर तंगडी मोडीन."

दुसऱ्या दिवशी ड्रिंकर मी उचलले. एक राहिला होता, त्यावर टक, टक सुरू झालं. मी हात मांड्यांखाली दाबून बसले. मावशी शेजारी शेंगा फोडत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. तीन तासांनी औषधाचं पाणी लावलं, तशा कोंबड्या तुटून पडल्या.

"प्याल्या का?" समोर दिसत असताना मावशींनी विचारलं.

"औषध प्याल्या," मी म्हणाले.

मशीनमध्ये अंडी मात्र औषधाआधी घातलेलीच होती. चुन्याची पिशवी मी दारातून हलवली नाही.