माझ्या नाचणीचा डबा

पिठात हात घातल्याशिवाय त्या कुणाला डबा देत नसत. चिमूटभर पीठ अंगठ्यावर चोळायच्या, जिभेला लावायच्या आणि म्हणायच्या, "गरम हाय गो. झाकण लावू नको, घाम सुटंल."

महाडला आमच्या आळीत गिरण चालवणाऱ्या या मावशी मूळच्या कापडे गावच्या. भुवया कायम पांढऱ्या. तुमच्याही गिरणीत अशी एखादी असेल, जिला कुणाच्या घरी कसलं दळण जातं ते तोंडपाठ असतं.

मला तेव्हा पीसीओडी निघाला होता. चार-चार महिने पाळी नाही, हनुवटीवर केस, वजन वाढतंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भात कमी, गोड आणि बेकरी बंद, नाचणी आणि कडधान्यं वाढवा, रोज चाला, वेळेवर झोपा. आईने त्यात आपलं एक पथ्य घातलं, "लग्न ठरेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही." सगळ्यांत निष्ठेने मी पाळलं ते हेच.

गिरणीत मी ठोकून दिलं, नाचणी बाबांना. शुगर आहे.

"बाबा तर परवा नाक्यावर वडापाव खात व्हते," मावशी म्हणाल्या. मग गिरणीच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने कानाशी आल्या. "माज्या लेकीला पण हाय, मुंबईला. तोच तो पीसीओडी. लाजतेस कशाला? चोरी केलीस काय?"

नाचणीने पुढच्याचं पीठ काळं पडतं, म्हणून ती संध्याकाळी शेवटी दळायची रीत. पण तेव्हा सगळी आळी तिथे उभी असते. मावशी माझी नाचणी सकाळी दार उघडायच्या आधीच दळायच्या आणि गिरण साफ व्हावी म्हणून मागून घरचे तांदूळ घालायच्या. अट एकच, डबा स्कूटीवर आणायचा नाही. "चालत ये. नदीपर्यंत जाऊन ये, तवर दळते."

सहा महिन्यांनी पाळी वेळेवर आली, ते आईच्या आधी मी त्यांना सांगितलं. त्यांनी आनंदाने गुळाचा खडा पुढे केला, मग काहीतरी आठवून स्वतःच्याच तोंडात टाकला. "तुज्या वाटणीचा मी खाल्ला," म्हणाल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्याच महिन्यात पोलादपूरकडची मंडळी मला बघायला आली. मी हातात पोह्यांची बशी घेऊन उभी, आणि दारात मावशी. दोन दिवस मी डबा न्यायला फिरकले नव्हते म्हणून डबा घेऊन स्वतः आल्या होत्या.

"तुजी नाचणी ऱ्हायली व्हती गो."

"नाचणी कुणाला?" मुलाच्या आईने विचारलं. "कोण आजारी हाय काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमचा नाही हा डबा. यांची काहीतरी चूक झाली."

डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव होतं. मावशींनी डबा हळूच फिरवला आणि नावाची बाजू पोटाशी धरली.

"व्हय. चुकलंच माजं. वय झालं आता," म्हणाल्या, आणि गेल्या. झाकण उघडंच होतं.

लग्न झालं. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मग? माझ्या बहिणीलाही आहे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण गिरणीत जाऊन माफी मागायचं धाडसही झालं नाही. माहेरी आले की मी पलीकडच्या गल्लीतून जायची. इतकी मी हुशार.

यंदा मावशी वारल्याचं कळलं, तेव्हा गेले. त्यांचा मुलगा मुंबईहून येऊन गिरण आवरत होता. राहिलेले डबे त्याने ओट्यावर मांडले होते आणि बायका नावं वाचून आपापले उचलत होत्या. एकाच डब्यावर नाव नव्हतं. कुणीतरी ते खिळ्याने पार खरवडून काढलं होतं, आणि तो पोचा पडलेला कोपरा मी कुठेही ओळखला असता.

"हा कुणाचा? आई कोणाला हात लावू देत नव्हती," मुलगा म्हणाला.

"माझा," मी म्हटलं. "माझ्या नाचणीचा. मला पीसीओडी आहे."

बायकांनी वळून पाहिलं, आणि पुन्हा आपापले डबे शोधू लागल्या.