मामीच्या डोक्याचं माप

आमच्या मामाने रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि घराचंच दुकान करून टाकलं. बैठकीच्या खोलीत दोन स्पीकर, समोर एक खुर्ची, जमिनीवर वायरींचं जंगल. दोनच स्पीकरांतून आवाज चहूबाजूंनी आला पाहिजे, हे त्याचं वेड. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही घुसतो. दोन कानांतल्या अंतराचा हिशेब करून तो तिथे पोचताच पुसून टाकायचा, हे काम त्याने बनवलेल्या डब्याचं. त्या डब्यापायी तीन वर्षं मामीला स्वतःच्या घरात धड बसायला जागा नव्हती.

"रविवारी ऐकते. नाही जमलं तर डबा माळ्यावर!" तिने निक्षून सांगितलं.

रविवारी मामाने जुनी टेप लावली. चाळीस वर्षांपूर्वी मामी आणि तिची थोरली बहीण गायनवृंदात शेजारी-शेजारी उभ्या राहून गायच्या, तेव्हाची. मामी हाताची घडी घालून बसली.

"काय ऐकू येतंय?"

"दोन खोकी गाताहेत."

मामाचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची फार दया आली. मामी मात्र खुर्चीत अर्धी बुडालेली दिसत होती.

"मामा, हे सगळं कोणाच्या डोक्याच्या मापाने बसवलंस?" मी विचारलं.

"माझ्याच. दुसरं कोण बसतं इथे?"

आणि मामाचं डोकं म्हणजे भोपळा! विकतची टोपी त्याला कधी बसली नाही. मी शिवणाच्या टोपलीतली मोजपट्टी आणली, मामीखाली दोन उशा सरकवल्या. मामाने तिच्या या कानापासून त्या कानापर्यंत माप घेतलं.

"लग्नानंतर आजच एवढं निरखून बघताय," मामी म्हणाली आणि चक्क लाजली.

डब्यावरचे आकडे बदलून टेप पुन्हा लावली. मामीने झटकन डावीकडे मान वळवली. "अगं बाई, गेली!"

"मान हलवू नकोस! समोर बघ."

तिने समोर बघितलं. डोळे भरून आले. "ताई आहे. इथे, खांद्याशी." मग मामी एकदम ताठ झाली. "चाळीस वर्षं मला म्हणतेय, बेसूर तू होतीस! आता कळलं कोण ते. फोन लावा तिला."

ताई दुसऱ्याच दिवशी हजर. खुर्चीत बसून तिने सगळं ऐकून घेतलं आणि मामासमोर डोकं पुढे केलं.

"हे हिच्या डोक्याचं माप झालं. आधी माझं घ्या, मग ठरवू कोण बेसूर ते!"

मामा मोजपट्टी आणायला अक्षरशः पळाला.