अक्काची भिंतीवरची बाई

ये बाई, अशी आजीजवळ बस. तो मोबाईल ठेव आधी. लय लाडावलीस तू. सकाळची भाकर तशीच ताटात ठेवलीस, म्हणे त्यातल्या बाईसारखी कंबर पाहिजे. आमच्या अक्काचं तुला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. निजामाच्या राजवटीतलं, गंगेकाठचं, म्हणजे गोदावरीकाठचं आमचं गाव. पाठीला वाळका भोपळा बांधून तिनंच मला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं. ती स्वतः काठावरून धाडकन उडी टाकायची. दंड कसे गच्च होते तिचे!

मग मावशी हैदराबादेहून आली अन् एक मासिक विसरून गेली. त्यात साबणाच्या जाहिरातीतली बाई. मनगट काडीसारखं, कंबर मुठीत मावेल अशी. अक्कानं खळ लावून तिला भिंतीवर डकवलं. त्यात चुलत वहिनीनं चिडवलं, "वन्सं, तुमाला नवरा बघायचा का जोडीचा पैलवान?"

झालं. अक्कानं विहीर सोडली. जात्यावर बसायची न्हाई, हात राठ होतेत म्हणून. माय ओरडायची, "तिचं काय बघतीस? ती कागदाची हाय, तिला ना दळायचं ना खायचं!" अक्का अर्धी भाकर गुपचूप म्हशीपुढं टाकायची. वर्षभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. त्या चित्राशेजारी हात धरून बघायची अन् खूश व्हायची.

पुढच्या पावसाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं गाव सोडायची पाळी आली. नाव मिळाली न्हाई. भोपळे बांधून गंगेत उतरलो. भोपळे सगळ्यांना पुरले न्हाईत.

"थोरलीला कशाला? ती तर मासोळी हाय," आबा, आमचे वडील, म्हणाले.

मी अक्काकडं बघितलं, तिनं पदर खोचला, बस.

मधल्या धारेत ती मागं पडली. माय ओरडायलीय, "हात मार गं, हात मार!" तिनं मारले बाई. पण त्या हातांत जोरच उरला न्हवता. आबा मागं वळेपर्यंत नुसतं गढूळ पाणी.

सापडली न्हाई.

काही महिन्यांनी परत आलो, तर ती बाई भिंतीवर तशीच हसत होती. मायनं तिला नखांनी खरवडलं. खळीचा डाग काही गेला न्हाई. दर दिवाळीला सारवताना माय तिथं हात थांबवायची.

उद्या तू शहरात चाललीस. भाकर बांधून देते, वाटेत खा, कुत्र्याला टाकू नको. अन् सुट्टीची वाट बघत बसू नको, लवकर ये. विहिरीला अजून पाणी हाय. मी काठावर बसते, तू उतर.