मंजुळाचं पोलिसी जर्मन

जव्हारच्या ज्या लहानशा खासगी दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे मंजुळाही नर्स म्हणून कामाला लागली त्याच दिवशी तिने चहाचं दूध उतू घालवलं. वास आला म्हणून मी धावले, तर ही शेगडीपाशी हात मागे बांधून उभी. काय झालं विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाली, "दूध उतू गेलं असून शेगडीचं मोठं नुकसान झालंय. सुदैवाने जीवितहानी नाही."

पोरगी थट्टा करतेय असं मला वाटलं. पण ती बोलायचीच तशी. डॉक्टर जेवायला गेले की ते "घरी रवाना" होत. वॉर्डात मांजर शिरलं की "अज्ञात मांजराने घटनास्थळावरून पळ काढला" असं ती गंभीर चेहऱ्याने सांगे. टाके दुखत असतानाही बायका हसत आणि हसल्यामुळे पुन्हा टाके दुखतात म्हणून तिला रागावत.

ती सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. घरची बोली निराळी, त्यामुळे शाळेतलं मराठी तिला आधी परकंच होतं. वडील खोडाळ्याच्या बाजारातून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली सुकट आणत. सुकट आई घेई, कागद ही घेई. सुकटीच्या वासासकट ती तो मोठ्याने वाची, कळो न कळो. कागद फाटका असल्यामुळे बातमीचा शेवट बहुधा नसायचाच. तो ती आपल्या मनाने लावी. चोर सापडायचा का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "सुकट चांगली असली तर मी त्याला सोडून द्यायची."

पुढे परदेशात नर्सेस हव्या आहेत म्हणून जर्मन भाषेचा एक ऑनलाइन वर्ग निघाला. मंजुळाने नाव घातलं. मला जव्हार सोडून कुठे जायचं नव्हतं, पण तिच्या सोबतीला मीही बसू लागले. शिकवणारे सर पुण्याचे, शिस्तीचे. नामांचे आणि क्रियापदांचे तक्ते पाठ करा, वाचायचं ते नंतर, असा त्यांचा आग्रह. मी इमानाने तक्ते घोकले. मंजुळाला पहिल्या ओळीतच जांभई यायची.

तेवढ्यात तिला पुस्तक मिळालं. बाजारपेठेतले रद्दीवाले उस्मानचाचा तिच्या ओळखीचे, कारण जुनी वर्तमानपत्रं ती त्यांच्याकडूनच न्यायची. मुंबईहून आलेल्या गठ्ठ्यात एक जाड, बिनकव्हरचं पुस्तक निघालं. चाचा म्हणाले, "ये कौनसी जुबान है अल्ला जाने. तू ही ले जा, बेटी." ते जर्मन होतं. शेवटची काही पानं गळालेली होती, म्हणजे मंजुळाच्या सवयीचंच.

तिची वाचायची रीत ठरलेली होती. आधी पान नुसतं मोठ्याने वाचायचं, अर्थाच्या मागे लागायचं नाही. मग तेच पान पुन्हा, या वेळी अंदाज बांधत. आणि शेवटी मोबाइलवर एखाददुसरा शब्द बघायचा. माझ्या हातातला शब्दकोश बघून ती म्हणे, "सगळे शब्द कशाला विचारतेस? एकदाच आला तो पावना, जाऊ दे त्याला. वारंवार यायला लागला की समजायचं हा इथलाच हाय. मग त्याचं नाव विचारायचं."

फक्त एक घोटाळा झाला. त्या पुस्तकात वारंवार येणारा पहिला शब्द निघाला 'प्रेत'. दुसरा 'खुनी'. पुस्तक म्हणजे एक गुन्हेगारी कादंबरी होती आणि मंजुळाचं सगळं जर्मन त्यातल्या पोलीस अधिकाऱ्याकडून आलं. वर्गात सरांनी आपल्या खोलीचं वर्णन करायला सांगितलं. बाकीच्यांनी अडखळत टेबल, खुर्ची, कपाट सांगितलं. मंजुळाने सलग सांगितलं की खोलीला दोन खिडक्या आहेत, दार आतून बंद आहे आणि रक्ताचे डाग कुठेही आढळले नाहीत.

सरांनी कपाळाला हात लावला. तुम्हाला तिकडे नर्स व्हायचंय, फौजदार नाही, ते पुस्तक आधी बंद करा, असं त्यांनी बजावलं. मंजुळाने मान डोलावली आणि त्यानंतर तक्त्यांच्या आड धरून पुस्तक वाचलं.

मुलाखत जवळ आली तशी मला तिची काळजी वाटू लागली. तिने दवाखान्याची नोकरी आधीच सोडली होती. निवड झाली नाही तर सरळ सूर्यमाळला परत, आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. मुलाखतीच्या दिवशी दवाखान्याच्याच मागच्या खोलीत लॅपटॉप मांडला, मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसले.

पडद्यावर तिकडच्या इस्पितळातल्या पांढऱ्या केसांच्या मुख्य नर्सबाई होत्या. नाव, गाव झालं आणि त्यांनी विचारलं की एक म्हातारे रुग्ण पलंगावरून पडलेले दिसले, तर तुम्ही काय कराल? मंजुळा ताठ बसली आणि खणखणीत जर्मनमध्ये म्हणाली, "कुणीही जागचं हलू नका. त्यांना शेवटचं कुणी पाहिलं? तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

शेवटचा प्रश्न तिने बाईंकडे असा रोखून विचारला की त्या "मी घरी..." असं सांगून मोकळ्या झाल्या. मग त्यांना भान आलं. चष्मा काढून त्या इतक्या हसल्या की मला वाटलं, संपलं सगळं.

हे असलं जर्मन कुठे शिकलात, असं त्यांनी डोळे पुसत विचारलं. मंजुळाने सांगितलं. सुकटीच्या कागदापासून उस्मानचाचांपर्यंत सगळं, व्याकरण मोडत, पण एकदाही न थांबता. आणि शेवटी तिनेच विचारलं की पुस्तकाची शेवटची पानं नाहीत, तर खुनी कोण ते तुम्हाला माहीत आहे का? बाईंनी गोष्ट विचारली. हिने ती पहिल्या प्रेतापासून सांगितली. बाईंचा संशय डॉक्टरवर, मंजुळाचा विधवेवर. दोघी भांडायला लागल्या. वेळ कधीच संपली होती, आणि तक्ते घोकलेली मी त्यातलं निम्मंच समजून घेत कोपऱ्यात बसले होते.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा सर वर्गाला म्हणाले, बघा, तक्ते पाठ केल्याचं फळ. मंजुळाने पुन्हा मान डोलावली.

निघायच्या दिवशी तिचे वडील जव्हारच्या स्टँडवर आले होते. बोलणं कमी असलेला माणूस. तिकडे उन्हाळ्यात पाणी मिळतं का, एवढंच त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग लेकीला म्हणाले, "ती भाषा कशी हाय, जरा बोलून दाखव." मंजुळाने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळू आवाजात एक जर्मन वाक्य म्हटलं. त्यांनी डोळे पुसले. लई गोड भाषा हाय, म्हणाले. ते वाक्य होतं, 'तुम्हाला अटक करण्यात येत आहे.' मला कळलं होतं. मी बसच्या पाटीकडे बघत राहिले.

आता तिचा अधूनमधून फोन येतो. मागे तिने तिच्या वॉर्डातल्या एका आजोबांबद्दल सांगितलं. पक्षाघाताचा झटका आल्यापासून ते बोलत नव्हते. बोलता येईल असं डॉक्टरांचं म्हणणं, पण ते तोंडच उघडेनात. ही त्यांच्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचायची. एकदा चुकून एक शब्द वाकडा उच्चारला गेला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मंजुळाने ती आठी बरोबर हेरली. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम त्यांच्याच गावाच्या नावाची वाट लावली. पुन्हा लावली. त्या दिवसभर ती तेच करत राहिली, आणि संध्याकाळी आजोबा तिच्यावर खेकसले. गावाचं नाव स्पष्ट, बरोबर उच्चारून.

तेव्हापासून रोज ती वाचते, ते दुरुस्त करतात. आपल्या मुलीला ते सांगतात की ही पोरगी चांगली आहे, फक्त तिला वाचायला शिकवावं लागतंय.

आता तरी तुला नीट वाचता येतं ना, असं मी विचारलं.

"येतं की," ती म्हणाली. "पण त्यांना इतक्यात कळायला नको."